पुढच्या सीटवरची ताई

आता चहा ओतलाच आहे, तर माझी फजितीही सांगून टाकते. अट एकच. "अगं, तुला कळलं कसं नाही?" असं मधेच कुणी विचारायचं नाही. ते घरच्यांनी विचारून झालंय, मॅडमनी विचारून झालंय, आणि शिरूर कासारच्या स्टँडवरच्या भेळवाल्यानंसुद्धा विचारलंय.

मी मुळात घाबरट. कुकरची शिट्टी झाली की दचकते, आणि तो कुकर मीच लावलेला असतो. तर अशा मला अर्थशास्त्रात एम.ए. झाल्या झाल्या संशोधनाचं काम मिळालं. विषय ऐका: 'विकसनशील देशांतील बस-प्रवासी व वाहनचालक यांच्यावर स्पर्धा-सुधारणांचा परिणाम'. साध्या भाषेत सांगायचं तर, एकाच रस्त्यावर एसटीही धावते आणि खासगी जीपाही, तर या चढाओढीत प्रवाशाचं भलं होतं का, आणि गाडीवाल्याच्या पदरात काय पडतं? माझ्या वाट्याला विकसनशील देश म्हणून शिरूर कासार आलं.

दोन दिवसांत वीस प्रवाशांचे फॉर्म भरायचे होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला या कामाच्या प्रमुख, पुण्याच्या मॅडम, बीडच्या विश्रामगृहावर येणार आणि फॉर्म बघणार. पसंत पडले तर वर्षभराची नोकरी. नाही पडले तर परत तलवाड्याला. तिथे बाबांनी बी.एड.चा अर्ज आणून ठेवला होता आणि आईनं एका मुलाचा फोटो. दोन्ही एकाच पिशवीत.

वर्ष दुष्काळाचं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, जनावरं छावणीत, आणि मागे राहिलेल्यांनी जायचं तरी कुठे? स्टँडसमोर तीन काळ्यापिवळ्या जीपा ओळीनं उभ्या होत्या. पहिलीच्या बॉनेटला टेकून चालक बाळूभाऊ 'बीड, बीड, बीड' असं ओरडत होता, तेही समोरच्या कुत्र्याकडे बघून, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

माझ्या हातातले कागद बघून तो सरळ उभा राहिला. "तपासणीवाल्या का?"

"नाही हो, संशोधन. प्रवाशांना प्रश्न विचारायचेत."

त्यानं मला नीट न्याहाळलं. चष्मा, पर्स, कागद, सारखं घड्याळ बघणं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "मंग उन्हात कशाला उभ्या ताई? बसा की आत. पुढच्या सीटवर, खिडकीपाशी. आन् ते कागद जरा वर धरा, दिसू द्या."

मी वहीत पहिली नोंद केली: 'वाहनचालक अत्यंत सहकार्यशील.'

मागे पाच-सहा माणसं निवांत बसली होती. त्यातल्या सगळ्यात पुढच्या, पांढऱ्या टोपीतल्या गृहस्थांपासून सुरुवात केली. नाव आप्पासाहेब. स्टँडशेजारच्या दूध संस्थेचे चेअरमन.

"कुठून बसलात?"

"हितून."

"उतरणार कुठे?"

"हितंच."

मी लिहिलं: चढण्याचे ठिकाण, शिरूर कासार. उतरण्याचे ठिकाण, शिरूर कासार. नवख्या माणसाला फक्त पुढचा प्रश्न दिसत असतो हो.

"रोज प्रवास करता?"

"रोज. सकाळी नऊला येऊन बसतो. दुपारी जेवायला घरी."

"भाडं किती पडतं?"

"भाडं कशाचं बाई? उलट बाळूच चहा पाजतो."

बघा, काय निष्कर्ष हाती येत होता! चढाओढीपायी भाडं शून्यावर आलेलं, शिवाय वर चहा. मी त्या उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"गाडी सुटायला किती वेळ लागतो?"

"ते आमाला न्हाई सांगता यायचं. ती सुटायच्या आत आमी उतरतो."

मी लिहिलं: 'प्रवासी घाईत असतो.'

आप्पासाहेबांच्या शेजारी दूध संस्थेचे सचिव होते. त्यांच्या शेजारी एक संचालक, मागे आणखी दोन. सगळ्यांनी मन लावून उत्तरं दिली. तेवढ्यात बीडला जाणारं एक कुटुंब आलं, मग दोन कॉलेजची पोरं आली. तशी संस्थेच्या मंडळींपैकी एकेकाला काहीतरी आठवायला लागलं. कुणाला चुना आणायचा होता, कुणाला थुंकायला जायचं होतं. गाडी भरली तसा बाळूभाऊ माझ्याकडे आला. "ताई, तुमी आता मागच्या गाडीत बसा. हिच्यातलं तुमचं काम झालं."

किती काळजी ती! मी मागच्या गाडीत गेले. पुन्हा पुढची सीट, पुन्हा खिडकी. चहा आला. आणि मागे? संस्थेचे उरलेले संचालक.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस फॉर्म झाले. वहीत मी झोकात लिहून ठेवलं होतं: 'स्पर्धेमुळे सहकार क्षेत्रातील पदाधिकारीही जीपने प्रवास करू लागले असून ते पूर्ण समाधानी आहेत.'

साडेबाराला सोजरमावशी आल्या. हातात स्टीलचा डबा, डोक्यावर पदर. खिडकीशी येऊन मला विचारलं, "बाई, ही निघती का लवकर? लेक बाळंत झालीया बीडच्या दवाखान्यात. चार ते सहा भेटू देत्यात, पर मला लवकर जाऊन दारात बसायचंय."

"बसा मावशी, आत्ता निघेल," मी म्हणाले. मला काय माहीत होतं? काहीच नाही. पण बाळूभाऊ दोन दिवस हेच म्हणत होता, आणि मला ते पाठ झालं होतं.

एकला एसटी आली. मावशी अर्ध्या उठल्या. मी म्हणाले, "कशाला धावपळ करता? आपली जीप आधी पोचेल." मावशी बसल्या. एसटी वेळेवर निघून गेली.

दीड वाजला, दोन वाजले. गिऱ्हाईक येईना, गाडी भरेना. आप्पासाहेब जेवून आले आणि जागेवर बसले. मावशी दर पाच मिनिटांनी डब्याचं झाकण चाचपायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी घड्याळाकडे बघायचे. साडेतीनला पुढची एसटी आली, तेव्हा आम्ही दोघींनी एकाच वेळी उड्या टाकल्या. मागून बाळूभाऊ कळवळून म्हणाला, "ताई, तुमी कुठं निघाल्या? गाडी रिकामी दिसंल की!"

त्या वाक्यानंतर तरी कळावं की नाही? नाही कळलं. (अट लक्षात आहे ना?)

एसटीत मावशींच्या शेजारी बसले आणि विसावा फॉर्म काढला.

"मावशी, तुम्ही आधी जीपच का निवडलीत?"

"तुला बघून."

"मला?"

"म्हणलं, शिकलेली पोरगी हाय, कागद घेऊन निघालीया. तिला टायमावर पोचायचंच आसंल. ती काय उगं बसंल व्हय दिवसभर?"

शेजारी तिकीट फाडत उभे असलेले कंडक्टर खुदकन हसले. "मावशी, त्या ताई बसवलेल्या हायत."

"बसवलेल्या म्हणजे?" मी विचारलं.

"रिकाम्या जीपमदी कुणी बसत न्हाई. माणसाला वाटतं, ही कधी भरायची आन् कधी निघायची. म्हणून गाडीवाले चार माणसं चहावर बसवून ठेवत्यात. खरी गिऱ्हाइकं आली की ही उतरून मागच्या गाडीत. यंदा लई चढाओढ हाय, गिऱ्हाईकच न्हाई ना."

मी पेनला टोपण लावलं. "पण ते दूध संस्थेचे चेअरमन..."

"त्यांची जनावरं छावणीत, दूध बंद. सवयीनं सकाळी हापिसात येत्यात. मंग काय करावं? अख्खं संचालक मंडळ बसतं जीपमदी. पर तुमच्यावानी कुणी न्हाई बसलं ताई. आमच्या डेपोत कालपासून तुमचंच बोलणं चाललंय."

मी फॉर्म उलगडले. चढण्याचे ठिकाण, शिरूर कासार. उतरण्याचे ठिकाण, शिरूर कासार. एकोणीस वेळा, माझ्याच वळणदार अक्षरात. बाहेर फेकून द्यावेत म्हणून खिडकी सरकवायला गेले, ती हलेना. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र लगेच हललं.

सोजरमावशींनी ते बघितलं. त्यांचे तीन तास मी खाल्ले होते. त्यांनी मला चार शब्द सुनावायला हवे होते, आणि सुनावलेही. "तुझ्यापायी एकची गाडी हुकली माझी. शिकून एवढं कळंना तुला?" मग डबा उघडला आणि एक डिंकाचा लाडू माझ्या हातावर ठेवला. "खा. रडू नको. माझा कागद तर खरा हाय ना? मी पोचणार हाय. लिही, उतरायचं ठिकाण बीड."

पावणेपाचला त्या दवाखान्यापाशी उतरल्या. भेटीची वेळ संपायला अजून सव्वा तास होता. मी रिक्षा करून विश्रामगृहावर गेले, तेव्हा हाताला डिंक चिकटलेला होता.

मॅडमनी पहिला फॉर्म वाचला. दुसरा वाचला. पाचव्याला चष्मा पुसला. मग प्रत्येक फॉर्मवरचं उतरण्याचं ठिकाण तेवढं बघत शेवटापर्यंत गेल्या.

"यातलं कुणीच कुठे गेलेलं नाही."

"एक बाई बीडला आल्यात, मॅडम."

"आणि हे चेअरमन?"

"ते जेवायला घरी जातात."

"तू कुठे बसत होतीस?"

खोटं बोलायला धीर लागतो, तो माझ्याकडे नाही. "पुढच्या सीटवर. खिडकीपाशी. कागद वर धरून."

मॅडमनी फॉर्म खाली ठेवले. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि शेवटी त्यांनी टेबलावर डोकंच टेकलं. चौकीदार पाणी घेऊन धावत आला. शांत झाल्यावर म्हणाल्या, "गिऱ्हाईक मिळावं म्हणून गाडीवाल्याला माणसं बसवावी लागतात, आणि त्यामुळे खऱ्या बाईची एसटी हुकते. हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्येच नव्हता. उद्या परत जा. या वेळी प्रवास करून उतरणाऱ्यांना विचार. आणि उभी राहून."

अशी नोकरी टिकली. बी.एड.ची पिशवी अजून तलवाड्यात खुंटीला आहे.

वर्षानं अहवाल छापून आला. माझं नाव कुठे आहे म्हणून मी अधाशासारखी पानं उलटली. मुखपृष्ठावर नव्हतं, आभारांत नव्हतं. 'बसवलेले प्रवासी' या प्रकरणात मात्र एका चालकाचं मत दिलेलं होतं: 'बसवायला चष्म्याची, हातात कागद धरलेली, सारखी घड्याळ बघणारी घाबरलेली तरुणी सर्वांत उत्तम. तिला बघून गाडी लवकर भरते.'

आणि त्याखाली बारीक अक्षरांत तळटीप होती: 'हे निरीक्षण आमच्या प्रतिनिधीने अगदी जवळून केलेले आहे.'