पाखऱ्या आणि मॅनेजरीणबाई

कॉटन वेस्टच्या धंद्यात गिऱ्हाईक बसतं. गाठी काट्यावर चढवून टेम्पोत भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्यात चहा येतो आणि चहाबरोबर एखादी गोष्ट निघते. माल टेम्पोतून जातो, गोष्ट मात्र गोदामातच राहते. चिंचवडला माझं गोदाम होतं, तेव्हा अशा किती गोष्टी मागे राहिल्या ते मलाही सांगता येणार नाही. पण कुणी विचारलं, “शेठ, शिकारी कुत्रा आणि मांजर एका छपराखाली नांदतात का हो?” तर मी आजही म्हणतो, बसा, चहा सांगतो. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही!

*

आधी मांजर कशी आली ते सांगतो. कॉटन वेस्ट म्हणजे कारखान्यात मशीन पुसायला लागणारा सुताचा गुंता. उंदरिणीला बाळंतपणासाठी याहून मऊ जागा जगात नाही. एकदा एका कंपनीच्या स्टोअरकीपरने माझी गाठ उघडली, तर आत उंदराची सात पिल्लं! त्या सज्जन माणसाने आरडाओरडा केला नाही. गाठ शिवून परत पाठवली आणि वर चिठ्ठी लावली : “ऑर्डर फक्त वेस्टची होती.”

त्याच आठवड्यात मी मांजर आणली. करड्या रंगाची, एका कानाला खाच पडलेली. ती गाठींच्या ढिगावर चढून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवायची, आणि सगळे कामाला लागले की स्वतः झोपायची. ते बघून कांबळेने तिचं नाव ठेवलं, मॅनेजरीणबाई. कांबळे हा आकुर्डीच्या एका कारखान्यातला फिटर. पहिली शिफ्ट सुटली की त्याची सायकल माझ्या दारात यायची.

मॅनेजरीणबाई आल्यापासून एकही गाठ परत आली नाही.

*

मग धोंडिबा आला. भोसरीकडच्या गावचा माणूस. जमीन कारखान्यांसाठी गेली होती, आणि मला गोदामावर दिवसाचा राखणदार हवा होता. माणूस बघताक्षणी पटला. पण त्याच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला कुत्रा. उंच, लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेलं.

“हा कोण?”

“पाखऱ्या. सशाचा कुत्रा हाय शेठ. ससा उठला की ह्यो दिसत न्हाई, नुसती धूळ दिसती.”

“कुत्रा घरी ठेव आणि तू ये.”

“घरी कुठं? घराम्होरं आता कंपनीचं कंपौंड हाय. ह्यो पळंल कुठं?”

“अरे, माझ्याकडे मांजर आहे!”

धोंडिबाने मान वर केली. ढिगावर मॅनेजरीणबाई पाय चाटत बसल्या होत्या. मग त्याने खाली कुत्र्याकडे बघितलं.

“व्हय,” तो म्हणाला, “त्यानं बी बघितली.”

शेवटी ठरलं ते असं. दिवाळीपर्यंत बघायचं. मांजरीला एक दात जरी लागला, तरी कुत्रा धोंडिबाच्या मेव्हण्याकडे तळेगावला जाणार. धोंडिबा म्हणाला, “चालंल. पर मंग मी बी त्याच्याबरूबर जाईन शेठ. आठ वर्सं एका भाकरीतली खाल्लीया आमी.”

म्हणजे एक दात लागला, तर माझी मांजरही जाणार आणि माणूसही!

*

पिंपरी कॅम्पात सिंधी लखूशेठचं कापडाचं दुकान. चिंध्यांचा माल मी त्याच्याकडून घ्यायचो. पाखऱ्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा लखूशेठचे डोळेच भरून आले.

“अरे साईं, याला उपाशी ठेवलंय तुम्ही!” आणि दुसऱ्या दिवशी तो तूप लावलेल्या सहा चपात्या घेऊन हजर.

धोंडिबाने चपात्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि स्वतः खाल्ल्या. “शेठ, राग मानू नगा. ही जातच काटकुळी. ह्याला जाड केला, तर ससे हसत्याल.”

*

कांबळेला या प्रकरणात फार रस वाटायला लागला. त्याने कंपनीच्या भंगारातून रीतसर परवानगी काढून एक साखळी आणली. ती भिंतीतल्या कडीला अशी बसवली, की पाखऱ्या ढिगापासून बरोबर चार हात अलीकडे थांबेल. “आधी सेफ्टी गार्ड, मग ट्रायल,” तो म्हणाला.

मॅनेजरीणबाई ढिगावरून उतरल्या आणि शांतपणे समोरून चालत गेल्या. आम्हाला वाटलं कुत्रा भुंकेल. तो भुंकलाच नाही. मान पुढे, एक पाय उचललेला, आणि अंग नुसतं थरथरत होतं.

लखूशेठ खूष. “बघा! किती शांत आहे!”

“शांत कसला, राव?” कांबळे म्हणाला. “मशीन चालू आहे. फक्त क्लच दाबलाय!”

मला ते पटलं. गल्लीतली कुत्री मांजरीवर भुंकतात, ते भांडण असतं. भांडण मिटवता येतं. हा गप्प होता, कारण त्याला भांडायचंच नव्हतं.

*

लखूशेठला मात्र आमची भीती हास्यास्पद वाटायची. त्याच्या घरी अल्सेशियन होता, रॉकी. तो आणि मांजर एकाच टोपलीत झोपतात, एका ताटलीत दूध पितात, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. “या रविवारी. डोळ्यांनी बघा.”

मी, कांबळे आणि धोंडिबा, तिघेही गेलो. खोटं सांगत नव्हता. रॉकीच्या पाठीवर मांजर झोपलेली. लखूशेठने आमच्याकडे असं बघितलं, की जणू दोघांनाही त्यानेच घडवलंय.

तेवढ्यात शेजारची एक पांढरी मांजर कंपाउंडच्या भिंतीवरून चालली. रॉकी असा उठला, की पाठीवरची मांजर एकीकडे, चहाचा ट्रे दुसरीकडे, आणि लखूशेठच्या धोतरावर सगळा चहा! पांढरी मांजर झाडावर पोचली म्हणून वाचली.

“अरे, पण ती घरची नाही ना!” लखूशेठ धोतर झटकत म्हणाला.

कांबळेने बशीतला उरलेला पापड उचलला. “समजलं. रेशन कार्डावर नाव पाहिजे.”

*

मग प्रश्न असा, की मॅनेजरीणबाईंचं नाव पाखऱ्याच्या कार्डावर घालायचं कसं?

धोंडिबाचं म्हणणं, कुत्र्याला वास ओळखीचा झाला पाहिजे. म्हणून बाई ज्या वेस्टवर झोपायच्या, त्यातलं घमेलंभर काढून पाखऱ्याच्या पोत्यावर पसरायचं ठरलं. घमेलं भरून ठेवलं. पण हमालाने तेच उचलून गाठीत भरलं, आणि गाठ गेली नेमकी कांबळेच्या कारखान्यात!

आता कारखान्यातला फिटर वेस्टचा बोळा कुठे ठेवतो, तर पँटच्या मागच्या खिशात. दुसऱ्या दिवशी कांबळे शिफ्ट सुटल्यावर आला, सायकल लावली आणि पाठमोरा होऊन चहाची किटली उचलायला वाकला.

मागे साखळी ताणल्याचा आवाज झाला. कांबळेने हळूच वळून बघितलं. पाखऱ्या. मान पुढे, एक पाय वर, अंग थरथरतंय. नजर खिशावर!

“शेठ,” कांबळे अजिबात न हलता म्हणाला, “याचा क्लच सुटला तर?”

पण माणूस जिद्दी. तो खिसा तसाच ठेवून रोज यायला लागला. आला की मागचा बोळा काढून पाखऱ्याच्या नाकाजवळ धरायचा आणि वर भाकरीचा तुकडा द्यायचा. आठवड्याभरात पाखऱ्या त्या वासाला शेपूट हलवायला लागला. आता मॅनेजरीणबाई समोरून गेल्या तरी तो पोत्यावर पडून राहायचा.

“झालं की!” मी म्हणालो.

“न्हाई शेठ,” धोंडिबा म्हणाला. “बाई चालती तवर. पळली म्हंजी निराळं. ससा बसल्याला असला तर ह्यो त्याच्यावरून उडी मारून फुडं जातो. पळला की मंग तो ससा.”

*

म्हणजे मांजर पळता कामा नये. मांजर पळायची कधी, तर टेम्पोचा हॉर्न वाजला की. म्हणून मी पेंटरकडून ठळक बोर्ड करून घेतला : “येथे हॉर्न वाजवू नये. शांतता राखा.”

तिसऱ्या दिवशी एक म्हातारी आली, बाहेरच्या बाकावर बसून खोकायला लागली. धोंडिबाने पाणी दिलं, चहा दिला. तासाभराने तिने विचारलं, “डॉक्टर कवा येत्यात?”

धोंडिबाने माझ्याकडे बघितलं. मी बोर्डाकडे बघितलं.

“आज सुट्टी हाय, आजी,” तो म्हणाला. जाताना ती मला म्हणाली, “कंपौंडर चांगला हाय तुमचा. निम्मा खोकला हितंच गेला!”

*

दिवाळीला चार दिवस उरले होते. दुपारची वेळ, धोंडिबा दारात जेवायला बसलेला. कांबळेची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी, लखूशेठ चिंध्यांचा टेम्पो घेऊन आलेला. पाखऱ्या पोत्यावर पसरलेला, मॅनेजरीणबाई त्याच्यापासून दोन हातांवर ऊन खात बसलेल्या. मला राहवलं नाही. महिनाभर बघतोय, या साखळीच्या पुढे काय आहे ते कळायला नको? मी धोंडिबाला म्हणालो, “सोड त्याला.”

“शेठ, तुमी सांगताय म्हनून सोडतो,” तो म्हणाला आणि त्याने साखळी काढली.

पाखऱ्याने आळस दिला आणि पुन्हा पडला. आम्ही श्वास सोडला. तेवढ्यात हमालाच्या पाठीवरून गाठ निसटली आणि धाडकन पत्र्यावर आदळली.

मांजर पळाली!

अंगणातून सरळ, पार कुंपणाच्या दिशेने. पाखऱ्या उठलेला मला दिसलाच नाही. नुसती धूळ. लखूशेठने डोळे मिटून घेतले. कांबळे ओरडला, “गेली!” धोंडिबा भाकरी हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याला मेव्हण्याचं घर दिसत असणार. कुंपणापाशी एकदा किंचाळी ऐकू आली आणि मग काहीच नाही.

धूळ बसली. पाखऱ्या चालत परत येत होता. मान ताठ, आणि तोंडात मानगुटीला धरलेल्या मॅनेजरीणबाई लोंबत होत्या. नाकावर तीन ओरखडे, रक्त येतंय, पण चाल बघावी तर मिरवणुकीतली. तो सरळ धोंडिबापुढे आला, बाईंना त्याच्या पायाशी ठेवलं आणि मागे सरून बसला.

बाई उठल्या. अंग झाडलं. कांबळेने वाकून मानेवरचे केस बाजूला करून नीट बघितलं. “ओल्या झाल्यात. दात नाही लागलेला.”

“असंच आनतो ह्यो,” धोंडिबा म्हणाला. “ससा बी जित्ता आनून पायाशी ठेवतो. मंग त्याला त्याचा वाटा द्यावा लागतो. वाटा मिळंस्तवर हलत न्हाई.”

पाखऱ्या खरंच हलत नव्हता. धोंडिबाजवळ वाटा द्यायला दुसरं काय असणार? त्याने भाकरीवरचा भाजलेला बोंबील उचलला आणि कुत्र्यापुढे ठेवला.

मॅनेजरीणबाई पुढे झाल्या, पाखऱ्याच्या दोन पायांच्या मध्ये बसल्या आणि तो बोंबील खायला लागल्या. पाखऱ्या वरून बघत राहिला. धोंडिबाने दुसरा ठेवला. बाईंनी तोही ओढला. पाखऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग धोंडिबाकडे.

मी विचारलं, “धोंडिबा, आता काय करायचं?”

तो भाकरीकडे बघत बसला. मग म्हणाला, “उद्यापासनं बोंबील चार आनतो, शेठ.”