मोतीची माती

एका मात्रेपायी मी घराचं वाटोळं केलं, बापा! औषधाची मात्रा नाही हो, अक्षराच्या डोक्यावरची. हसा, हसा. तुमचं काय जाते?

माह्ये वडील, आबा, चिखलीले माह्यापाशी राह्यतात. त्याईचा धाकटा भाऊ, नानाकाका, लोणारले. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, दोघाईचं बोलणं अकरा वर्षांपासून बंद. अन् धुरा केवढा? त्याच्यावर बैल आडवा उभा केला तं त्याचं शेपूट काकाच्या तुरीत!

आता आबा ऐंशीचे झाले, तब्येत खचली. एक दिवस म्हणे, "लहानपणी मी अन् नान्यानं धाड गावच्या बजारात, तंबूत एक पिच्चर पाह्यला होता. इमानी कुत्र्याचा. मोती नाव त्याचं. दोघं लय रडलो होतो. एकडाव नान्यासोबत पाह्याचा होता बे." अन् भिंतीकडे तोंड करून निजले.

मी कामाले लागलो. चार दिवस मोबाईलवर शोधून तो पिच्चर काढला. नीट चालते का पाहावं म्हणून आधी एकट्यानं पाह्यला. मालकासाठी मोती गोळी खाते तवा मी, अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, हुंदके देऊन रडलो. अन् त्याच हुंदक्यात काकाले फोन लावला. अक्कल पाहा माह्यी!

"काका, उद्या मोती हाय!"

तिकडे काकाचं ट्रॅक्टर धडधडून राह्यलं होतं. "काय हाय?"

"मोती, मोती! आबाचं लय मन होतं हो तुमाले पाह्याचं!" पुन्हा हुंदका.

ट्रॅक्टर बंद झालं. "कवा?" काकानं इचारलं.

"दुपारी दोनले. तुमी आल्याबिगर सुरू करत नाही."

"येतो रे बापा. सगळ्याईले घेऊन येतो."

"रुमाल आणजा काका. शेवटी तं पाहवतच नाही!"

आता सांगा, याच्यात मी काय खोटं बोललो? एक शब्द तरी? पण आमच्याकडे माणूस गेला का लोक मातीले जातात, अन् काकाले ऐकू आली माती!

दुसऱ्या दिवशी आबानं दाढी केली, पांढरंशुभ्र धोतर नेसले अन् ओट्यावर खुर्ची टाकून भावाची वाट पाहत बसले. पावणेदोनले गल्लीत दोन जीपा आल्या. काका उतरले ते डोळ्याले रुमाल लावून, हंबरडा फोडतच.

"दादा रे! मी पापी रे! धुरा तुहाच होता रे दादा! मीच सरकवला!"

मागून बायाईनं सूर लावला. शेजारीपाजारी धावत आले. माह्या हातात चिवड्याची परात. काकूनं ते पाह्यलं अन् किंचाळली, "मुडद्या, आज चिवडा?"

तेवढ्यात खुर्चीवरून आबा म्हणे, "नान्या, धुऱ्याचं काय म्हणला? पुन्हा म्हण. जोरानं म्हण."

काकाचा रुमाल खाली आला. "तू... जित्ता हाय?"

"आतापर्यंत तं हाय. धुऱ्याचं बोल."

देवा रे! मिठी मारा ना हो! अकरा वर्षांनी भाऊ दारात रडत उभा, अन् याईले धुरा सुचून राह्यला! मी दोघाईच्या पाया पडलो. मोती सांगितला, माती सांगितली, मात्रा समजावली. ऐकते कोण?

"ते मेलेल्यासाठी बोललो होतो!" काका गरजले. "जित्त्यासाठी नाही. धुरा माह्याच हाय!"

"काका, पिच्चर तं पाहून जा," मी रडकुंडीले येऊन म्हणलो.

"सुतकात पिच्चर पाहतात काय रे? झाली याची माती. आंघोळीले पाणी टाक. आता दुसऱ्यांदा येणार नाही!"

अन् खरंच माह्या न्हाणीत आंघोळ केली, ओल्या अंगानं जीपीत बसले अन् गेले. आबा दारातून जीप पाहत राह्यले. ती वळली तरी पाहत राह्यले. मले तं जमीन फाटून पोटात घेईन तं बरं, असं झालं.

मग मी पिच्चर लावला. काय करता? परातभर चिवडा अन् आम्ही दोघंच. पडद्यावर मोतीनं मालकाची चिठ्ठी तोंडात धरली, भरली नदी पोहून गेला अन् मालकाच्या रुसलेल्या भावाच्या दारात टाकली. भाऊ चिठ्ठी वाचून तसाच अनवाणी धावत निघाला.

आबाचे डोळे भरून आले. इतक्या वेळानं त्याईनं पहिल्यांदा माह्याकडे पाह्यलं.

"पाह्य," म्हणे, "त्याले बोलता येत नाही. तरी निरोप बरोबर देल्ला."