वाऱ्याची गाडी आणि हरभऱ्याचं कुटार

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे नांदुऱ्यापासून पिंपळगाव राजापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गोष्ट सांगायला बसलो की मी उंदराचा हत्ती करतो, तेही कबूल. पण वाऱ्यावर पळणारी गाडी आम्ही खरंच बनवली होती, बरं का!

आम्ही म्हणजे मी आणि रऊफ. वेल्डिंगचं दुकान त्याचं, बढाया माझ्या. मोटरसायकलची तीन चाकं, पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची, मागे उंच पाइप आणि त्याला शिडासारखी बांधलेली कापसाच्या ट्रकवरची ताडपत्री. इंजिन नाही, पायडल नाही. नुसत्या वाऱ्यावर जमिनीवरून सगळ्यात जोरात जायचं! जिल्ह्यात काय, अख्ख्या विदर्भात असा विक्रम कोणाच्या नावावर नसणार, हे मीच ठरवून टाकलं होतं. कोण मोजायला येतो?

गावाबाहेर सिमेंटचा नवा रस्ता तयार होता, वाहतूक अजून सुरू व्हायची होती. आमच्याकडे असा रस्ता म्हणजे आयतं खळं. लोकांचा हरभरा तिथंच. वारा सुटला की बायका सूप घेऊन उपणायला उभ्या; दाणे खाली, कुटार म्हणजे भुसा उडून बाजूला. वाट सगळेच वाऱ्याची पाहत होते.

आणि काय सुटला तो त्या दुपारी! बांधावरच्या म्हशींची शिंगंसुद्धा सरळ झाली असतील.

रऊफनं वेग मोजायला फोन पाइपाला बांधला. “गजूभाऊ, एक चाक उचललं की दोर सोडजो. ताडपत्री ढिली पडते. आयकून राह्यला ना बे?”

“हाव ना!”

आयकलं होतं. नीट आयकलं होतं.

ताडपत्री धाडकन फुगली आणि गाडी सुटली — अहाहा! कानात वारा, डोळ्यांत पाणी, खाली सिमेंट नुसतं सर्र सर्र. मी ओरडत होतो, गात होतो, आईची शपथ, गाडी उडते की काय असं वाटलं. आणि मग ती खरंच उडायला लागली. उजवं चाक उचललं. वीतभर. मग हातभर. दोर माझ्या मुठीत होता. मूठ उघडायची, बस्स. उघडली का?

नाही. मी उडी मारली.

डावीकडं हरभऱ्याच्या कुटाराचा ढीग होता, त्यात गेलो. भुशाचा असा लोट उठला की मागं उभ्या रऊफला काही दिसलं नाही. दोर खुर्चीत अडकून ताणलेलाच राहिला, माझं ओझं उतरलं तशी गाडी सरळ झाली — आणि दुप्पट जोरानं एकटीच पळाली.

सूप धरून उभी असलेली एक म्हातारी माझ्याकडं पाहत म्हणाली, “तू त अठी पडला ना बाप्पा! मंग गाडी कोन चालवून राह्यलं?”

मी पळत सुटलो. पुढं मुरुमाच्या ढिगात गाडी रुतली होती. रऊफ यायच्या आत खुर्चीत बसलो. फोनात बावन्न. (लोकांना मी नव्वद सांगतो, ते सोडा.) रऊफनं मला उचलूनच घेतलं. “पलटी नाही ना मारत?”

“लोण्यावानी जाते,” मी म्हणालो.

इथंच थांबतो मी नेहमी. टाळ्या पडतात, चहा येतो. पुढचं कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी वारा आणखी जोराचा होता. “आता मी,” रऊफ म्हणाला. चाक उचलतं, हे मला माहीत होतं. माणूस बसला की त्या वेगात गाडी सरळ राहत नाही, हेही. सांगायला किती वेळ लागला असता? मी फोन काढला. त्याचा व्हिडिओ घ्यायला.

गाडी त्याच्यासकट पलटली. उजवा हात कोपरात असा मोडला की आज तो खांद्याच्या वर जात नाही. वेल्डिंग सुटलं. दुकान आता त्याचा भाऊ चालवतो.

खामगावच्या दवाखान्यात, हाताला पट्ट्या बांधलेला रऊफ मला म्हणाला, “चाक उचललं अन् मी घाबरलो रे. दोर सुटलाच नाही. तुले भेव नाही वाटलं?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग मीच भेकड,” तो म्हणाला, आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

मी उठलो. त्याला पाणी पाजलं, उशी सारखी केली. आजही तो स्वतःला भेकड समजतो. तसं चारचौघांत हसून सांगतो. मी शेजारीच असतो. ऐकतो.