चौकातला फळा

कुणी वारलं की एसटी स्टँडसमोरच्या काळ्या फळ्यावर खबर लिहायची, ही पालमची रीत. लिहिणारा म्हणजे शेजारचा सायकल-पंक्चरवाला. खडू कायम त्याच्या खिशात. जुनं नाव तो तळहातानं पुसतो आणि हात पँटला, त्यामुळं उजवी मांडी नेहमी पांढरी. नावाखाली अंत्यविधीची वेळ आणि त्याखाली पदरची एक ओळ: 'गावात पहिली पिठाची गिरणी यांनीच घातली.' 'उर्दूतले जुने कागद वाचून देणारे हे शेवटचे.' गावाचा इतिहास म्हणावा तर एवढाच, तोही दुसरं कुणी मरेपर्यंत.

परवा फळ्यावर आमच्या कापडदुकानदाराचं नाव दिसलं. मी हादरलो. सकाळीच तर तो टेम्पोत सामान भरून कायमचा पोराकडं पुण्याला गेला होता.

"अरे, जिता माणूस आहे तो! पूस ते!"

पंक्चरवाल्यानं ट्यूब पाण्यात दाबली. बुडबुडे बघत म्हणाला, "जिताच हाय की. पर तिकडं मेल्यावर इथं सांगायला कोण येतंय, सर? मागं पाच जण असेच लिहायचे राह्यले. म्हून आता टेम्पो हालला की लिहून टाकायलोय."

अंत्यविधीची वेळ तेवढी त्यानं मोकळी सोडली होती.

माझंही घर विकायचं ठरलंय, पण गावात कुणाला सांगितलेलं नाही.

मी वळलो, तसा तो हात पुसत उठला. खिशातला खडू चाचपत त्यानं विचारलं,

"सर, तुमच्या वडलांचं नाव काय हो?"