शेजाऱ्यांच्या शिंका

आमचे शेजारी सांगलीत हळदीच्या अडतीत दिवाणजी आहेत. शिक्षण बी.एस्सी. रोज सकाळी फाटकात उभे राहून ते ओळीनं शिंकतात, पिवळट रुमालानं नाक पुसतात आणि नवखा कुणी दिसला की बजावतात, "सर्दी न्हाई ही. ॲलर्जी हाय, हळदीच्या धुळीची." कामाला निघालेला एखादा त्यांच्या शिंकेनं थबकला, तर त्यांचा आवाज चढतो. "आवं, हळद माझ्या नाकात गेलीया, तुमच्या कामात न्हाई. जावा बिनघोर!"

माझी मुलगी शिरवळच्या कंपनीत पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला निघाली, त्या सकाळी मात्र फाटकात कुणीच नव्हतं. तिला गाडीत बसवून आलो आणि त्यांच्या बायकोला विचारलं, "साहेबांना बरं नाही का?"

"बरं हाय की. उजाडायच्या आतच अडतीत गेल्यात," त्या म्हणाल्या. "म्हनले, तितं शिंकलेलं कुनी मनावर घेत न्हाई."

संध्याकाळी ते फाटकापाशी थांबले. डोळे लाल, नाक चोंदलेलं.

"पोरगी पोचली का?"

"पोचली. दुपारीच फोन आला."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी रुमाल काढला आणि सगळी गल्ली दणाणेल असे शिंकले.