तीन स्वयंपाकघरांचं शेतघर

नकाशात तीन स्वयंपाकघरं होती. मी तिन्हींभोवती लाल पेन्सिलीने गोल काढले आणि फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"सर, हे शेतघर नाही. ही चाळ आहे."

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली. कोल्हापुरात नगररचना कार्यालयात मी रचना सहायक होते. गावठाणात, म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीत, घर बांधणं सोपं. बाहेर मोकळ्या रानात बांधायचं तर शेतकऱ्याला शेतघराची परवानगी मिळायची. एका जमिनीवर एकच घर, एकाच कुटुंबाचं. आता कागदावर कुटुंब ओळखायचं कसं? आमचा ऑफिसातला ठोकताळा होता : एक किचन, एक घर. तीन किचन म्हणजे तीन घरं.

त्यात ही जमीन कागलच्या एमआयडीसीपासून सायकलच्या अंतरावर. कामगारांना भाड्याच्या खोल्या हव्या होत्या, आणि शेतघराच्या नावाखाली उसात खोल्यांच्या रांगा उठत होत्या. माझ्या अंगात तेव्हा नियमावलीचं वारं भरलेलं. अर्जाला टाचणी सरळ लावलेली दिसली तरी वाटायचं, माणूस सराईत आहे.

साहेबांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "साइटवर जाऊन या बाई. आणि भांडू नका."

अर्जदार साठीतले आण्णा. आदल्या पावसाळ्यात गावातल्या घराची मागची भिंत पडली, तेव्हापासून आण्णा, त्यांच्या पत्नी आक्का, तीन मुलगे आणि तीन सुना रानातल्या म्हशींच्या गोठ्यात राहत होते. धाकटी सून सहा महिन्यांची गरोदर. पावसाच्या आत डोक्यावर छप्पर हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी डायरीत नोंद केली : 'अर्जदार सहानुभूती मिळवू पाहतो.' आज ती डायरी हाती लागली तर मी आधी ते पान फाडीन.

"च्या टाकते, बसा की बाईसाब," आक्का म्हणाल्या.

"नको. तपासणीला आलेय." चहात मला लाच दिसत होती.

"मग पानी तरी?"

"तेही नको. तीन किचन कशाला, ते सांगा. भाडेकरू ठेवणार?"

"भाडेकरू?" आण्णा हसले. "आमालाच जागा पुरंना झालीया, पावण्यास्नी कुटं ठेवू?"

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सासू हाय तुमास्नी?"

"आहे."

"चुली किती घरात?"

"एक."

"आनि गोडीगुलाबीनं नांदतायसा?"

त्याच सकाळी आमटीत गूळ किती, यावरून मी डबा न घेता घराबाहेर पडले होते. पण मी कर्तव्यावर होते. मी रेशनकार्ड मागितलं. थोरल्याने तीन कार्डं आणून दिली. प्रत्येक मुलाचं वेगळं. झालं! माझ्या लेखी गुन्हा शाबीत. कार्डं तीन, किचन तीन, म्हणजे घरं तीन.

ऑफिसात येऊन मी त्रुटी काढली. त्रुटी म्हणजे फाईलमधली खोट दाखवून ती परत पाठवायची. 'एकापेक्षा अधिक स्वयंपाकघरे अनुज्ञेय नाहीत.' पुढे काय करायचं, ते लिहिलं नाही. ते आमचं काम नव्हतं. आण्णांना वाटलं, अर्जच फेटाळला. नकाशा काढणारा इंजिनिअर दुसऱ्या कामात, तलाठी रजेवर. सुधारित नकाशा माझ्या टेबलावर आला तेव्हा खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. त्यात एकच किचन होतं. मला आणखीच संशय आला. बाकीची दोन लपवली कुठे? तरी नियमाप्रमाणे शिफारस करावी लागली. बांधकाम पाऊस थांबल्यावर सुरू झालं.

पुढच्या उन्हाळ्यात पूर्णत्वाची तपासणी होती. मी मुद्दाम न कळवता गेले. देवघराचं दार उघडलं, धान्याच्या खोलीत वाकून पाहिलं, धुराचा डाग दिसतो का म्हणून भिंतींवरून बोट फिरवलं. आक्का मागून येत होत्या.

"काय हरवलंय का बाईसाब?"

"किचन कुठाय?"

त्यांनी दार ढकललं. खोली एकच, चांगली ऐसपैस. तीन भिंतींना तीन ओटे, तीन शेगड्या, आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या तीन सुना. तिन्ही शेगड्यांवर आमटी उकळत होती.

मी टेप काढली, मापं घेतली. आमच्या ठोकताळ्यात किचन मोजायचं होतं. ओट्यांबद्दल एक अक्षर नव्हतं.

"मदल्या दोन भिंती काडल्या, बास," आण्णा म्हणाले. "तवाच बोलला असता, तर पावसाआधी उरकलं असतं की."

"बाळंतपन गोठ्यात झालं हिचं," आक्का म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. तेच जास्त लागलं.

मी अहवालात लिहिलं, 'स्वयंपाकघर : एक', आणि सही केली. या वेळी चहाला नाही म्हणायची सोय नव्हती. एकीचा घेतला तर बाकीच्या दोघी रुसणार, म्हणून तीन कप आले. दोन पाकासारखे गोड. धाकटीच्या कपात साखरेचा कणही नव्हता. ती बाळाला कडेवर घेऊन माझ्याकडे बघत उभी होती. मी तो कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत प्रत्येक त्रुटीपत्राखाली मी लिहीत गेले, ती दूर कशी करायची. साहेब कुरकुरायचे, "बाई, हे आपलं काम नाही." नव्हतंच. दोन ओळी जास्त टाईप कराव्या लागायच्या, इतकंच.