सोलापूरचे दिवे आणि आईची पणती

यंदा आमच्याकडे दिवाळी नव्हती. आषाढात अण्णा, म्हणजे माझे वडील गेले आणि वर्ष होईपर्यंत घरात सण करायचा नाही, ही आमची रीत. दारात आकाशकंदील नाही, चुलीवर कढई नाही. फराळ शेजारचे आणून देतात, तोही पिशवीत झाकून. मी पुण्याहून आमच्या गावी नातेपुत्याला जाऊन चार दिवस दुसऱ्यांच्या चकल्या खाल्ल्या. तेव्हाच दादा म्हणाला, "घरात करता येत न्हाय, तर बघून तरी येऊ की. त्रिपुरीला सोलापुरात लई दिवे लावत्यात." माझा हा मोठा भाऊ मनाने वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचताना विसरायला होईल.

आई लगेच तयार झाली. दरवर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती ती वळायची आणि गावच्या देवळात त्या अण्णा लावायचे. संसार सरला, पण काडीपेटी काही तिच्या हातात आली नाही. "एक पणती लावते ह्यांच्या नावानं," ती म्हणाली. "मग बास. दुसरं कायबी नको मला."

"बघू की," दादा म्हणाला.

त्रिपुरीला मी पुन्हा गावी आले आणि दुपारीच गाडीने निघालो. दादा, वहिनी, आई आणि मी. पंढरपूरवरून जवळ पडतं, पण कार्तिकीची गर्दी अजून ओसरली नव्हती, म्हणून माळशिरस, अकलूज, टेंभुर्णी असा वळसा घेतला. तुम्हीही तोच घ्या. टेंभुर्णीपर्यंत मात्र जीव मुठीत धरून बसा. उसाचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो आणि ट्रॉलीला मागे लाल दिवा लावला तर कारखाना ऊस घेत नाही, अशी काहीतरी आमच्याकडच्या ड्रायव्हरांची समजूत असावी. पुढे हायवे चांगला आहे. मोहोळच्या अलीकडे एका धाब्यावर चहा घेतला. तो तुम्ही घेऊ नका.

सोलापुरात आधी जेवून घ्या, नंतर खानावळीत जागा मिळत नाही. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आमटी. चौघांचं पोट पाचशेच्या आत भरलं. वहिनीने घरासाठी अर्धा किलो चटणी बांधून घेतली. गाडी किल्ल्याजवळ लावायच्या भानगडीत पडू नका. लांब कुठेतरी लावा आणि चालत या. आई सगळ्यांच्या पुढे चालत होती, गुडघे दुखतात हे त्या दिवशी एकदाही म्हणाली नाही.

दिवस मावळला आणि किल्ल्याशेजारच्या तळ्याच्या पायऱ्यांवर पणत्यांच्या रांगा लागल्या. खोटं का बोलू, फार सुंदर दिसतं. पाण्यात दिवे, एका अंगाला किल्ल्याची काळी तटबंदी, मराठी, कानडी, तेलुगू सगळं एकदम कानावर येतं. वाऱ्याने पणत्या विझत होत्या, बायका पुन्हा लावत होत्या, कुणी कंटाळत नव्हतं. तेल सांडून पायऱ्या निसरड्या होतात, पाय जपून टाका. अण्णांना हे दाखवायचं राहून गेलं, म्हणून मला तिथे रडू आलं.

एक बाई टोपलीतून पणत्या वाटत होती. "घ्या की मावशी," म्हणून तिने आईच्या हातात तेल घातलेली पणती ठेवली. "हितं कडंला लावा, वारा लागत न्हाय." आईने पिशवीतून स्वतः वळलेली वात काढली, तेलात भिजवली आणि वाकली.

तेवढ्यात दादाने तिच्या हातातली पणती घेतली. हिसकावली नाही, अगदी हळूच घेतली. "आई, तू नको. वर्ष व्हायचंय अजून." आणि ती वहिनीकडे दिली. "तू लाव आईच्या वतीनं."

वहिनीने लावली.

"दादा, वर्ष घराचं असतं ना?" मी म्हणाले. "मग वहिनी काय दुसऱ्या घरची आहे?"

"गप बस. चारचौघांत तमाशा नको."

"मग सांग की, आईलाच का नको?"

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. वहिनी मान खाली घालून काडीपेटी उघडत-मिटत बसली. टोपलीवाल्या बाईला कळायचं ते कळलं आणि ती आमच्याकडे न बघता पुढे सरकली. आईने तेलाची बोटं पदराला पुसली. "लागली न्हवं? झालं मग," ती म्हणाली. "चला, लई गर्दी झाली."

मला इतका संताप आला होता की परतीच्या वाटेवर मी झोपेचं सोंग घेतलं. वहिनीने पणतीचा फोटो स्टेटसला ठेवला, अण्णांच्या आठवणीत म्हणून. सगळ्या नातेवाइकांनी खाली हात जोडले.

सकाळी आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. दादा शेजारी चहा पीत होता. तिने मान वर न करता विचारलं, "आदी मी गेले असते, तर ह्यांच्या हातातनं कुणी पणती काढून घेतली असती का रं?"

"आई, तसं नसतं."

"मग कसं असतं?"

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच ऐकायचं होतं. शेंगा फोडायची थांबून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दादाने अर्धा चहा तसाच ठेवला आणि गाडी धुवायला गेला.

पुण्यात परत आल्यावर मैत्रिणी विचारतात, कसं झालं सोलापूर, जावं का? जा, जरूर जा. रस्ता बरा आहे, जेवण झकास आहे, दिवे डोळ्यांत मावत नाहीत. पणती तर फुकट मिळते. ती कुणालाही देतात, तुम्ही कोण, कुठल्या, नवरा आहे की गेला, असं तिथे कुणी विचारत नाही. त्यासाठी आम्ही घरचाच माणूस नेला होता.